राउटर संचालन प्रणालीचे अद्ययावतीकरण

राउटर संचालन प्रणालीचे अद्ययावतीकरण म्हणजे संगणक जाळ्यातील राउटर या उपकरणावर चालणारी मूळ आज्ञावली काढून तिच्या जागी त्याच उपकरणासाठी बनवलेली नवी आवृत्ती बसवण्याची प्रक्रिया होय. घरगुती व लहान राउटरच्या बाबतीत या आज्ञावलीस सामान्यतः फर्मवेअर म्हणतात. मोठ्या राउटरमध्ये ती स्वतंत्र नावाची संचालन प्रणाली असते. उदाहरणार्थ, सिस्को कंपनीची आयओएस, जुनिपर कंपनीची जुनोस आणि लाटव्हियातील मायक्रोटिक कंपनीची राउटरओएस. सुरक्षेतील त्रुटी दूर करणे, बिघाड सुधारणे व नव्या सुविधा मिळवणे ही या प्रक्रियेची मुख्य उद्दिष्टे आहेत.

जुन्या राउटरचे अद्ययावतीकरण हा विशेष काळजीचा विषय मानला जातो. अशा उपकरणात स्मृतीची क्षमता कमी असते, त्यासाठीच्या आवृत्त्या मिळणे अवघड असते आणि प्रक्रिया अर्धवट राहिल्यास उपकरण सुरूच न होण्याचा धोका असतो. अद्ययावतीकरण टाळल्यास मात्र ज्ञात त्रुटी तशाच उघड्या राहतात. या दोन धोक्यांचा तोल सांभाळणे हेच सुरक्षित अद्ययावतीकरणाचे सार होय. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या विस्तीर्ण ग्रामीण भागात गावाची इंटरनेट जोडणी अनेकदा एकाच उपकरणावर अवलंबून असते. तेथे या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

राउटर हे एका जाळ्यातून आलेली माहितीची पाकिटे दुसऱ्या जाळ्याकडे योग्य मार्गाने पाठवणारे उपकरण आहे. बाहेरून ते साध्या पेटीसारखे दिसत असले तरी आतून तो एक विशेष हेतूचा संगणक असतो. त्यात प्रक्रियक, स्मृती आणि संचालन प्रणाली हे तिन्ही घटक असतात. संगणकाप्रमाणेच त्याच्या आज्ञावलीत कालांतराने दोष आढळतात आणि उत्पादक त्यांवर सुधारित आवृत्त्या प्रसिद्ध करतात.

संगणक व भ्रमणध्वनी वापरकर्त्याला नव्या आवृत्तीची सूचना देतात. जुने राउटर अशी सूचना देत नाहीत. ते कार्यालयाच्या कोपऱ्यात किंवा भिंतीवरील कपाटात वर्षानुवर्षे अखंड चालू राहतात आणि इंटरनेट बंद पडेपर्यंत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यामुळे बसवण्याच्या दिवशी जी आवृत्ती होती तीच दहा वर्षांनंतरही चालू असल्याचे पुष्कळदा आढळते.

राउटरमधील स्मृतीचे प्रकार

अद्ययावतीकरणात नेमके काय बदलते हे समजण्यासाठी राउटरमधील स्मृतीचे प्रकार माहीत असणे आवश्यक आहे. सिस्कोच्या पारंपरिक राउटरमध्ये पुढील चार प्रकार आढळतात. इतर कंपन्यांच्या उपकरणांतही थोड्याफार फरकाने हीच रचना असते.

• रॉम : यात राउटर सुरू होताना सर्वप्रथम चालणारी प्रारंभिक आज्ञावली असते. ती हार्डवेअरची तपासणी करते व संचालन प्रणाली शोधून चालू करते. संचालन प्रणाली सापडली नाही, तर ती ‘रॉम मॉनिटर’ या मर्यादित अवस्थेत थांबते. बिघडलेला राउटर याच अवस्थेतून पूर्ववत करता येतो.
• फ्लॅश : यात संचालन प्रणालीची इमेज फाइल साठवलेली असते. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकतो. अद्ययावतीकरणात प्रामुख्याने हीच स्मृती बदलते.
• एनव्हीरॅम : यात राउटरचे जतन केलेले कॉन्फिगरेशन, म्हणजे पत्ते, मार्ग, पासवर्ड व नियम यांची मांडणी असते. संचालन प्रणाली बदलली तरी हा भाग सामान्यतः तसाच राहतो.
• रॅम : राउटर चालू असताना संचालन प्रणाली, मार्गसारणी व चालू कॉन्फिगरेशन यात असते. वीज गेल्यावर हा मजकूर नाहीसा होतो.

बहुतेक राउटरमध्ये फ्लॅशमधील इमेज फाइल संकुचित स्वरूपात असते. राउटर सुरू होताना ती उलगडून रॅममध्ये चढवली जाते. त्यामुळे राउटर चालू असतानाच फ्लॅशमधील फाइल बदलता येते आणि नवी आवृत्ती पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते. १९९० च्या दशकातील सिस्को २५०० मालिका याला अपवाद होती. तिच्यात संचालन प्रणाली फ्लॅशमधूनच थेट चालत असे. त्यामुळे फ्लॅश पुसण्यापूर्वी राउटरला रॉममधील मर्यादित प्रणालीवर आणावे लागे. जुन्या उपकरणाची मालिका आधी ओळखणे का गरजेचे आहे, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

अद्ययावतीकरणाची आवश्यकता

जुन्या आवृत्त्यांतील त्रुटींचा गैरवापर झाल्याच्या अनेक घटना नोंदल्या गेल्या आहेत.

सप्टेंबर २०१५ मध्ये ‘सिनफुल नॉक’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार उघडकीस आला. यात हल्लेखोरांनी सिस्कोच्या राउटरवरील मूळ आयओएस काढून तिच्या जागी गुप्त प्रवेशद्वार असलेली बदललेली इमेज बसवली होती. पहिल्या अहवालात युक्रेन, फिलिपिन्स, मेक्सिको व भारत या चार देशांतील १४ राउटरचा उल्लेख होता. १८४१, २८११ व ३८२५ ही प्रतिमाने त्यात बाधित होती. आत शिरण्यासाठी कोणतीही नवी त्रुटी वापरली गेली नसून मूळ किंवा चोरलेला पासवर्ड वापरला गेला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. अद्ययावतीकरणाची प्रक्रियाच शस्त्र म्हणून वापरता येते, हे या घटनेने दाखवून दिले.

जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगम लिमिटेडच्या ब्रॉडबँड ग्राहकांकडील मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. उपकरणाबरोबर आलेला मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्याला बळी पडले. ग्राहकांनी पासवर्ड बदलावा, असे आवाहन त्यानंतर करण्यात आले.

मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ हे मालवेअर उघड झाले. किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख घरगुती व लहान कार्यालयांतील राउटर आणि साठवण उपकरणे त्याने बाधित झाल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी मायक्रोटिकच्या राउटरओएसमधील विनबॉक्स सेवेतील त्रुटीचा मोठ्या प्रमाणावर गैरवापर झाला. या त्रुटीवरील सुधारित आवृत्ती कंपनीने एप्रिल २०१८ मध्येच प्रसिद्ध केली होती. तरीही अनेक महिन्यांनंतर असंख्य राउटर जुन्याच आवृत्तीवर चालू होते आणि त्यांचा उपयोग कूटचलन निर्मितीसाठी केला गेला. औषध उपलब्ध असूनही ते न घेतल्याने रोग वाढावा, तसाच हा प्रकार होता.

भारतात अशा त्रुटींविषयी सूचना देण्याचे काम भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक (सर्ट-इन) करते. २००४ साली कार्यान्वित झालेली ही संस्था माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब नुसार राष्ट्रीय यंत्रणा म्हणून काम पाहते. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांनी ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे.

आधाराची समाप्ती

प्रत्येक उत्पादनासाठी कंपनी विक्री बंद होण्याची आणि आधार संपण्याची तारीख जाहीर करते. आधार संपल्यानंतर नवी त्रुटी आढळली तरी तिच्यावर सुधारणा मिळत नाही. सिस्कोच्या २००४ साली आलेल्या २८०० मालिकेचा आधार २०१६ मध्ये संपला. २००९ साली आलेल्या १९०० व २९०० या मालिकांचा आधार २०२२ अखेर संपला.

या मुदतीमुळे अद्ययावतीकरणाच्या निर्णयाचे तीन भाग पडतात. आधार चालू असल्यास नवी स्थिर आवृत्ती बसवणे इष्ट असते. आधार संपला असल्यास त्या उपकरणासाठी निघालेली शेवटची आवृत्ती बसवून ते थेट इंटरनेटसमोर न ठेवता आतल्या भागात वापरणे हा मध्यम मार्ग ठरतो. शेवटच्या आवृत्तीतही गंभीर त्रुटी असल्याचे जाहीर झाले असल्यास उपकरण बदलणे हाच खरा उपाय असतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने निष्प्रभ केल्याचे जाहीर केलेले ‘केव्ही’ नावाचे बाधित उपकरणांचे जाळे मुख्यतः आधार संपलेल्या सिस्को व नेटगिअर राउटरचे बनलेले होते.

काही घरगुती राउटरवर उत्पादकाच्या आज्ञावलीऐवजी २००४ साली सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रकल्पाची प्रणाली बसवता येते. त्यामुळे आधार संपलेल्या उपकरणाचे आयुष्य वाढते. मात्र तिलाही स्मृतीची मर्यादा आहे. २१.०२ या आवृत्तीपासून किमान ८ मेगाबाइट फ्लॅश व ६४ मेगाबाइट रॅम आवश्यक ठरल्याने ४ मेगाबाइट फ्लॅश असलेली जुनी उपकरणे तिच्या कक्षेबाहेर गेली.

पूर्वतयारी

अद्ययावतीकरणातील बहुतेक अपघात प्रत्यक्ष फाइल चढवताना होत असले तरी त्यांचे मूळ अपुऱ्या पूर्वतयारीत असते. पूर्वतयारीत सामान्यतः पुढील बाबींचा समावेश होतो.

उपकरणाची ओळख : राउटरचे नेमके प्रतिमान, हार्डवेअरची आवृत्ती, सध्याची संचालन प्रणाली, फ्लॅश व रॅमची क्षमता यांची नोंद केली जाते. सिस्कोच्या राउटरवर ‘शो व्हर्जन’ ही आज्ञा ही सर्व माहिती एकत्र देते. घरगुती राउटरमध्ये एकाच नावाच्या प्रतिमानाच्या अनेक हार्डवेअर आवृत्त्या असतात व प्रत्येकीची फाइल वेगळी असते. ही आवृत्ती उपकरणाच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेली असते. चुकीच्या आवृत्तीची फाइल चढवणे हे घरगुती राउटर निकामी होण्याचे एक प्रमुख कारण आहे.

स्मृतीचा हिशेब : नवी फाइल फ्लॅशमध्ये मावते का आणि उलगडल्यानंतर रॅममध्ये चालू शकते का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. फ्लॅशमध्ये मावलेली फाइल रॅम अपुरी असल्याने सुरू न होण्याची शक्यता असते. उत्पादक प्रत्येक आवृत्तीसोबत दोन्ही किमान क्षमता प्रसिद्ध करतो.

अधिकृत फाइल व तिची पडताळणी : फाइल उत्पादकाकडूनच घेतली जाते. कंपनी प्रत्येक फाइलसोबत एमडी५ किंवा एसएचए पद्धतीने काढलेला चेकसम देते. हा त्या फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. फाइलमधील एक बिट बदलला तरी चेकसम पूर्ण बदलतो. संगणकावर उतरवल्यानंतर एकदा आणि राउटरच्या फ्लॅशमध्ये गेल्यानंतर पुन्हा एकदा चेकसम जुळवला जातो. आधार करार नसलेल्या वापरकर्त्यांना सिस्कोच्या आयओएसच्या फाइल सहज मिळत नाहीत, म्हणून अनेकजण अनोळखी ठिकाणांवरून त्या घेतात. सिनफुल नॉकसारख्या घटनांच्या पार्श्वभूमीवर हा मार्ग धोकादायक ठरतो. जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटींसाठीची सुधारित आवृत्ती करार नसलेल्या ग्राहकांनाही तांत्रिक साहाय्य विभागाशी संपर्क साधून मागता येते.

प्रती जतन करणे : चालू कॉन्फिगरेशन आणि सध्याची इमेज फाइल या दोन्हींच्या प्रती राउटरबाहेर संगणकावर घेतल्या जातात. पुष्कळदा केवळ कॉन्फिगरेशनची प्रत घेतली जाते. मात्र नवी आवृत्ती सदोष निघाल्यास परत जाण्यासाठी जुनी इमेजही लागते आणि जुन्या उपकरणासाठीची ती फाइल कंपनीकडे पुन्हा मिळेलच याची खात्री नसते.

पुन्हा सुरू करून पाहणे : अनेक वर्षे अखंड चाललेल्या उपकरणातील वीजपुरवठा विभाग व संधारित्रे क्षीण झालेली असतात. असे उपकरण एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही, असा अनुभव येतो. त्यामुळे काही तंत्रज्ञ अद्ययावतीकरणापूर्वी काहीही न बदलता राउटर एकदा पुन्हा सुरू करून पाहतात. तो याच टप्प्यावर बिघडला तर दोष हार्डवेअरचा आहे हे स्पष्ट होते आणि नव्या आवृत्तीला विनाकारण दोष दिला जात नाही.

कन्सोल जोडणी : जाळ्यामार्फत घेतलेला प्रवेश राउटर बंद पडताच संपतो. कन्सोल केबलने थेट जोडलेल्या संगणकावर मात्र राउटर सुरू होतानाचा प्रत्येक संदेश दिसतो व रॉम मॉनिटरमध्ये कामही करता येते. म्हणून शक्य तेथे हे काम उपकरणाजवळ बसून केले जाते.

प्रत्यक्ष प्रक्रिया

सिस्कोच्या जुन्या राउटरवरील प्रक्रिया साधारणपणे पुढील क्रमाने होते.

१. संगणक व राउटर एकाच स्थानिक जाळ्यात तारेने जोडले जातात. वायफायवरून फाइल पाठवणे टाळले जाते.
२. संगणकावर फाइल पुरवणारी सेवा चालू केली जाते. यासाठी परंपरेने टीएफटीपी ही पद्धत वापरली जाते.
३. फ्लॅशमध्ये पुरेशी जागा असल्यास जुनी फाइल न पुसता नवी तिच्याशेजारी ठेवली जाते. जागा अपुरी असेल तरच जुनी पुसली जाते. जुनी पुसल्यानंतर नवी पूर्ण येईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो.
४. फ्लॅशमध्ये आलेल्या फाइलचा चेकसम ‘व्हेरिफाय’ या आज्ञेने तपासला जातो.
५. ‘बूट सिस्टिम’ या आज्ञेने राउटरला आधी नवी व ती न चालल्यास जुनी फाइल वापरण्याचा क्रम सांगितला जातो.
६. कॉन्फिगरेशन रजिस्टरची किंमत तपासली जाते. नेहमीच्या सुरुवातीसाठी ती षोडशमान पद्धतीत २१०२ असावी लागते. पासवर्ड विसरल्यावर वापरलेली २१४२ ही किंमत तशीच राहिली असल्यास राउटर सुरू होताना जतन केलेले कॉन्फिगरेशन दुर्लक्षित करतो आणि अद्ययावतीकरणात सर्व माहिती पुसली गेल्याचा गैरसमज होतो.
७. कॉन्फिगरेशन जतन करून राउटर पुन्हा सुरू केला जातो.
८. सुरू झाल्यावर आवृत्ती, सर्व जोडण्या, मार्गसारणी, घड्याळ व नोंदींमधील त्रुटी तपासल्या जातात. अद्ययावतीकरणापूर्वी याच आज्ञांची उत्तरे जतन केलेली असल्यास तुलना सोपी होते.

टीएफटीपी ही १९८० च्या दशकातील अतिशय साधी पद्धत आहे. तिच्यात पासवर्ड अथवा कूटबद्धता नाही. ती ५१२ बाइटच्या तुकड्यांत माहिती पाठवते आणि तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा असतो. त्यामुळे मूळ पद्धतीत सुमारे ३२ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल पाठवता येत नाही. त्याहून मोठ्या फाइलसाठी एफटीपी किंवा एससीपी वापरली जाते. काही राउटरमध्ये संगणकातून थेट फाइल भरलेले फ्लॅश कार्ड किंवा यूएसबी साठवणही चालते.

मायक्रोटिकच्या उपकरणांत राउटरओएस आणि राउटरबूट हा प्रारंभिक भाग यांचे अद्ययावतीकरण स्वतंत्रपणे करावे लागते. पहिले झाले म्हणजे दुसरे आपोआप होईल असे गृहीत धरता येत नाही. राउटरओएसच्या सहाव्या मालिकेतून सातव्या मालिकेत जाताना मार्गनिर्धारणाची रचना बदलली आहे. त्यामुळे ओएसपीएफ किंवा बीजीपी वापरणाऱ्या राउटरवर हा बदल आधी दुसऱ्या उपकरणावर करून पाहिला जातो. घरगुती राउटरमध्ये फाइल सामान्यतः ब्राउझरमधील व्यवस्थापन पानावरून चढवली जाते व उपकरण आपोआप पुन्हा सुरू होते. या काही मिनिटांत वीज बंद करणे किंवा रीसेटची कळ दाबणे धोक्याचे असते.

दूरस्थ अद्ययावतीकरण

उपकरणाजवळ जाणे शक्य नसल्यास काम दूरस्थपणे केले जाते. अशा वेळी कॉन्फिगरेशनमधील एका चुकीमुळेही राउटरशी संपर्क तुटतो. यावर उपाय म्हणून सिस्कोच्या राउटरवर ठरावीक मिनिटांनंतर आपोआप पुन्हा सुरू होण्याची आज्ञा आधीच दिली जाते. बदल यशस्वी झाल्यास ती रद्द केली जाते. संपर्क तुटल्यास राउटर आपोआप पुन्हा सुरू होऊन जतन केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. मात्र नवी इमेजच सुरू होत नसल्यास या उपायाचा उपयोग होत नाही. म्हणून दूरस्थ कामात जुनी इमेज फ्लॅशमध्ये ठेवणे, तसेच कन्सोलपर्यंत पोहोचणारा पर्यायी मार्ग असणे हे दोन्ही महत्त्वाचे ठरते.

बिघाड व पुनर्प्राप्ती

अद्ययावतीकरणानंतर सुरूच न होणाऱ्या उपकरणास बोलीभाषेत ‘वीट झाली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात प्रारंभिक आज्ञावली शाबूत असेल तर उपकरण बहुधा वाचवता येते.

सिस्कोचा राउटर इमेज न सापडल्यास रॉम मॉनिटरमध्ये थांबतो. तेथून जाळ्याच्या तारेने टीएफटीपीद्वारे किंवा कन्सोल केबलने एक्समोडेमद्वारे इमेज पुन्हा चढवता येते. दुसरा मार्ग फार संथ असतो. कन्सोलच्या नेहमीच्या ९६०० बिट प्रतिसेकंद वेगाने १६ मेगाबाइटची फाइल पाठवण्यास पावणेपाच तासांहून अधिक वेळ लागतो. वेग १,१५,२०० बिट प्रतिसेकंदांपर्यंत वाढवल्यास तेच काम सुमारे २५ मिनिटांत होते. मायक्रोटिकसाठी नेटइन्स्टॉल ही स्वतंत्र आज्ञावली उपलब्ध आहे, तर अनेक घरगुती राउटरमध्ये रीसेटची कळ दाबून धरत वीज दिल्यास पुनर्प्राप्तीची अवस्था मिळते. खुद्द प्रारंभिक आज्ञावलीच बिघडल्यास मात्र मंडलावरील स्मृती थेट लिहिणारी विशेष साधने लागतात. म्हणूनच प्रारंभिक आज्ञावलीचे अद्ययावतीकरण गरज असेल तेव्हाच केले जाते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर आहे. त्यात १४ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. २०२४ साली जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर करण्यात आले.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची केंद्र शासनाची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या दुसऱ्या टप्प्यातील राज्यातील काम महानेट या नावाने हाती घेण्यात आले. मूळ रचनेत ग्रामपंचायतीत प्रकाशीय जोडणीचे टोकाचे उपकरण असते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात तालुका व ग्रामपंचायत स्तरावर राउटर बसवून त्यांना वलयाकार मार्गाने जोडण्याची तरतूद आहे. वलयात एका बाजूचा मार्ग तुटला तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते. मात्र राउटरच बंद पडल्यास त्या गावाची जोडणी तुटते. राउटरची संख्या वाढल्याने त्यांच्या देखभालीचे व अद्ययावतीकरणाचे कामही गावपातळीपर्यंत पोहोचते.

जिल्ह्याच्या भूगोलाचा या कामावर थेट परिणाम होतो. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीत असून राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई तेथेच आहे. भंडारदरा परिसरात पावसाळ्यात अतिवृष्टी होते. आग्नेयेकडील कर्जत, जामखेड हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. एका टोकाच्या गावातील राउटर बंद पडल्यास जिल्हा मुख्यालयातून तंत्रज्ञ पोहोचण्यास बराच वेळ लागतो. त्यामुळे केवळ दूरस्थ प्रवेशावर विसंबून, जुनी इमेज पुसून केलेले अद्ययावतीकरण येथे महाग पडू शकते.

वीज हा दुसरा घटक आहे. ग्रामीण भागात वीज खंडित होणे व दाब कमी-जास्त होणे नित्याचे आहे. मे महिन्यातील वळवाच्या वादळांत विजा पडून उपकरणे जळतात. फ्लॅशवर फाइल लिहिली जात असताना वीज गेल्यास ती अर्धवट राहते. म्हणून राउटर व संगणक दोन्ही इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर असताना आणि त्यांची बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच काम सुरू केले जाते. केवळ लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे एवढ्याने भागत नाही. राउटर व मधला स्विच यांनाही अखंड वीज लागते.

वेळेची निवडही स्थानिक कामकाजावर ठरते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा मुदतीत देणे बंधनकारक असून ग्रामीण भागात त्या आपले सरकार सेवा केंद्रांतून दिल्या जातात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, उत्पन्नाचे व जातीचे दाखले, शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाचे अर्ज ही सर्व कामे जोडणीवर अवलंबून असतात. जून-जुलैमधील प्रवेशाचे दिवस किंवा पीकविम्याच्या अंतिम मुदतीचा आठवडा यासाठी अयोग्य ठरतो. एका दिवसाची जोडणी गेली तरी शेतकऱ्याचा विमा अर्ज राहून जाऊ शकतो. आशियातील पहिल्या सहकारी साखर कारखान्यांपैकी एक असलेला प्रवरानगरचा कारखाना याच जिल्ह्यात आहे. अशा कारखान्यांत वजनकाटा, ऊस नोंदणी व शेतकऱ्यांची बिले ही कामे संगणकीकृत असल्याने जाळ्यातील मोठे बदल गळीत हंगाम संपल्यानंतर, उन्हाळ्याच्या अखेरीस करणे सोयीचे असते. त्यातही काम पहाटे किंवा सुट्टीच्या दिवशी, आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीसाठी पुढे काही तास हाताशी राहतील अशा बेताने ठरवले जाते.

अद्ययावतीकरणाच्या मर्यादा

नवी आवृत्ती म्हणजे संपूर्ण सुरक्षा नव्हे. मूळ पासवर्ड न बदलणे, व्यवस्थापन पान इंटरनेटवरून खुले ठेवणे, टेलनेटसारख्या कूटबद्ध नसलेल्या सेवा चालू ठेवणे या चुका नव्या आवृत्तीतही तितक्याच घातक असतात. सिनफुल नॉक व २०१७ चा मोडेमवरील हल्ला या दोन्ही घटनांत पासवर्ड हाच दुबळा दुवा होता. त्यामुळे अद्ययावतीकरणाबरोबरच पासवर्ड बदलणे, अनावश्यक सेवा बंद करणे आणि व्यवस्थापनाचा प्रवेश ठरावीक पत्त्यांपुरता मर्यादित ठेवणे ही कामे केली जातात.

दुसरीकडे, केवळ नवी आहे म्हणून प्रत्येक आवृत्ती बसवणे हेही योग्य मानले जात नाही. नव्या आवृत्तीत नवे दोष असू शकतात, तसेच जुन्या कॉन्फिगरेशनमधील काही आज्ञा तिच्यात नसतात. सुरक्षेसंबंधीची सुधारणा नसेल आणि विद्यमान आवृत्ती स्थिर असेल, तर काही काळ थांबून इतरांचा अनुभव पाहणे हा मान्य मार्ग आहे. निर्णय कोणताही असो, तो कोणत्या तारखेस, कोणत्या कारणाने व कोणत्या आवृत्तीसाठी घेतला याची नोंद उपकरणाजवळच्या वहीत व कार्यालयात ठेवणे उपयुक्त ठरते. कर्मचारी बदलले तरी उपकरण तेथेच राहते आणि पुढच्या तंत्रज्ञाला हीच नोंद पहिला आधार ठरते.

हे सुद्धा पहा

• राउटर
• संचालन प्रणाली
• फर्मवेअर
• भारतनेट
• सायबर सुरक्षा
• अहिल्यानगर जिल्हा